सात नंबरच्या ड्रायरमधली नोट

सात नंबरच्या ड्रायरमध्ये
वीस डॉलरची नोट सापडली.
कुणाच्या तरी खिशातून निसटून
काचेला गाल लावून बसली होती,
धुतलेली, गरम.
नोटेवरचे गृहस्थ होते तसेच.
कपाळावरची आठीसुद्धा निघाली नव्हती.

आमचं लाँड्रीचं दुकान होलिओकला, कालव्याच्या काठी.
इथे पूर्वी कागद व्हायचा, गावभर कागद.
आता गिरण्यांच्या खिडक्यांत कबुतरं
आणि आमच्याकडे बावीस यंत्रं,
त्यातली अठरा चालू.

मी नोट चिमट्याने दोरीवर लावली
तसा विषय निघाला.
आता बाईचं चित्र यायला हवं.
हो, पण कुणाचं?

यारित्सा म्हणाली, आमच्या शाळेच्या बसवालीचं.
बर्फात बस अडकली त्या रात्री
तिने सदतीस पोरांना पहाटेपर्यंत पाढे म्हणायला लावले,
एकाला डोळा लागू दिला नाही.
दात पुढे होते तिचे. तसेच काढा म्हणावं.

कोपऱ्यातला पोरगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला,
कोणीही चालेल, दिसायला बरी असली की झालं.
त्याला त्या दिवशी सुटे मिळाले नाहीत.

मिसेस झ्योब्रो चादरीच्या घड्या घालत होत्या.
म्हणाल्या, ही नोट कागदाची नाहीच मुळी,
कापूस आणि लिनन, म्हणून तर धुऊन निघते.
माझी आजी चिंध्यांच्या खोलीत होती.
समुद्रापलीकडून गाठोडी यायची,
कुणाकुणाचे सदरे, बाळांची लंगोटं, मेलेल्यांची अंथरुणं.
मेजात उभं पातं रोवलेलं, त्यावर बाया दिवसभर फाडायच्या,
बटणं काढून टोपलीत टाकायच्या,
आणि धूळ छातीत.
बटण घरी नेलं तर दंड.
आजी रोज एक न्यायची. तोंडात.
मुकादम काही विचारायचा, ती मान हलवायची.
तो म्हणायचा, गरीब आहे बिचारी, कधी बोलत नाही.
बरणीभर बटणं आहेत माझ्याकडे.

त्यांनी चादरीची शेवटची घडी हाताने दाबली.
तिचंच काढा, म्हणाल्या, ओठ मिटलेले.
नोटेवर सगळेच तोंड मिटून असतात,
तिचं का मिटलंय ते आम्हाला ठाऊक.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मला आठवली इचलकरंजीतली आई,
कांड्या भरून घरी यायची तेव्हा
केसांत एवढा कापूस की तिशीतच म्हातारी.
पगार पदराच्या गाठीत.
नोटेवर कोण आहे हे तिने कधी पाहिलं नाही,
कोपरा फाटलाय का एवढंच बघायची,
फाटका असला तर दुकानदार घेत नाही म्हणून.

पण मी नाव सांगितलं नाही.
इथे जिवंत माणसाचं चित्र नोटेवर चालत नाही,
आणि आई आहे. काल रात्रीच फोनवर ओरडली,
भात नीट खात नाहीस म्हणून.
राहू दे ते चित्र.

खोटं कशाला सांगू,
नोट ठेवून घ्यावी असं मला दोनदा वाटलं.
एकदा तर चिमटा काढलाही होता.

साडेसातला ती आली, रुग्णालयाच्या निळ्या कपड्यांत,
बूट न उचलता चालत.
मी काही बोलायच्या आत दोरीकडे बघून म्हणाली, माझी.
गृहस्थांच्या नाकावरून घडी घातली,
आणखी एक घडी, आणि मोज्यात खोचली.
एवढंच. आभारही नीट मानले नाहीत,
तिला पुढची पाळी होती.

दुकान बंद करताना सात नंबरची जाळी साफ केली.
बोटभर जाड राखाडी थर निघाला,
सगळ्यांच्या कपड्यांचा, मऊ,
अजून कागद न झालेला.
त्यात एक पांढरं बटण.

मी ते तोंडात टाकलं
आणि दिवे मालवले.
वाटेत शेजारचा भेटला, म्हणाला, थंडी वाढली.
मी मान हलवली.
साबणाची चव होती.