मंगळवारची चौकट

क्योटो नको, शरयू म्हणाली, तिथे सगळेच जातात;
आणि नकाशावर बोट सरकवत सरकवत
पश्चिमेच्या समुद्राकडे गेली,
जिथे अक्षरं बारीक होत जातात
आणि मला चष्मा बदलावा लागतो.
मात्सुए.
तळं आहे. किल्ला आहे.
आणखी काय आहे, मी विचारलं.
तेवढंच, ती म्हणाली, म्हणून तर.

एकतीस वर्षं भोसरीत
मी पाळ्यांचे तक्ते आखले.
पहिली, दुसरी, रात्रपाळी,
कोण कुणाच्या जागी, कुणाच्या घरी लग्न, कुणाची दांडी.
चौकट रिकामी दिसली
की अजून माझ्या बोटांना खाज सुटते.

आता कोथरूडच्या ह्या स्वयंपाकघरात
ओट्यावर कुकर, टेबलावर तिची चौकटींची वही.
सोमवार : पोचणे, झोपणे.
मंगळवार :
आणि पुढे काहीच नाही.
मी पेन्सिल घेतली. हळूच लिहिलं,
किल्ला, सकाळी नऊ.
तिने खोडरबर घेतलं. हळूच नाही.

सात दिवसांत पाच देश पाहिले होते आपण,
त्यातलं काय आठवतंय, सांग.
मला आठवली बस,
पुढच्या सीटच्या पाठीची जाळी, तीत कोंबलेला दशम्यांचा डबा,
पहाटे साडेपाचला किंचाळणारा हॉटेलचा फोन.
तिला आठवलं एक बाकडं,
कुठल्याशा नदीकाठचं,
ज्यावर बसायचं राहिलं.

हे मला अकरा वर्षांनी कळतंय.

तिथे म्हणे किल्ल्याच्या खंदकात होडी फिरते,
छपराची.
पूल इतके ठेंगणे की खालून जाताना
छप्परच खाली उतरतं
आणि सगळ्यांना वाकावं लागतं,
भल्याभल्यांना.
तुझ्या कमरेचं काय, मी म्हणालो.
तुझ्या मानेचं काय, ती म्हणाली.
मग दोघांनी टेबलाखाली वाकून पाहिलं
जमतंय का ते.
तिथे एक बटण सापडलं, निळं, माझ्याच शर्टाचं.
कुकरची तिसरी शिट्टी झाली
तरी आम्ही लगेच उठलो नाही.

काल संध्याकाळी, रंगीत तालीम म्हणून,
पाषाणच्या तळ्यावर गेलो.
अट एकच : घड्याळ बघायचं नाही.
जलपर्णी, डास, पलीकडे हायवेची घरघर,
आणि एक बगळा,
ह्या कामात माझ्यापेक्षा कितीतरी सराईत.
सूर्य गेला.
आता पुढे काय, असं विचारायला
मी तोंड उघडलं
तर तिने त्यात एक शेंगदाणा टाकला.

व्हिसाचे फोटो उद्या काढायचेत.
वहीत मंगळवार कोराच आहे,
खोडरबराचा करडा डाग तेवढा.
दिव्याखाली वही तिरकी धरली
तर त्यात नऊ वाजलेले दिसतात.
मी काही बोललेलो नाही.