दोन सूत कमी

डार्लिंग्टन, चर्चचा हॉल, जानेवारी.
हीटर फक्त आवाजापुरता.
आयव्ही थॉरबर्नबाईंनी टॉवेलात गुंडाळून आणलेली
इंजिनाच्या तोंडावरची नंबरपाटी
टेबलावर ठेवली, तसा माझा चहा हिंदकळला.
नवरा फायरमन होता. शेड बंद झाली तेव्हा
एवढंच घरी आलं.

मी आधी पाठ बघतो. पुढून सगळेच खरे दिसतात.
गंज एकसारखा, ब्रशने लावावा तसा.
भोकांना अजून धार;
बोल्ट तिथे कधी बसलाच नव्हता.
मग टेप काढली.

शिरोलीला माझे वडील ओतारी होते.
म्हणायचे, लोखंड निवताना अंग चोरतं,
फुटामागे एक सूत.
म्हणून खऱ्यावरून साचा काढला
की नक्कल धाकटी भरते,
कितीही सफाईने ओता.

दोन फुटांची पाटी. दोन सूत कमी.

आकड्यांवरचा पांढरा रंग मात्र
कडेकडेने पार उडालेला.
"दर शुक्रवारी पुसते," बाई म्हणाल्या,
"एक्केचाळीस वर्षं झाली."
ही झीज अस्सल होती.
माझ्या फॉर्मवर तिला रकाना नाही.

सांगितलं. सांगावंच लागतं.
सांगताना मी टेपची पट्टी
उगाच आतबाहेर करत होतो.

त्यांनी टॉवेलाची घडी घातली, पुन्हा उलगडली.
पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.
तिकडेच बघत त्यांनी विचारलं,
"म्हणजे हिच्याहून जराशी मोठी
कुठेतरी आहे?"