अकरा पायऱ्या

बितोमच्या इस्पितळात, तळघरात,
जिथे पूर्वी चादरी धुवायचे
आणि भिंतींना अजून साबणाचा वास येतो,
तिथे बसून मी आकडे भरते.

गाठ एकवीस मिलिमीटर. गाठ सतरा.
औषध अ, औषध ब. कोणाला कुठलं
मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही.
असंच असावं लागतं म्हणतात.
आणि दर सोमवारी रुग्णाला एक प्रश्न:
शून्य ते दहा, धाप किती लागते?

बहुतेक जण पाच लिहितात.
पाच हा सभ्य आकडा आहे,
डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून लिहायचा.

अलोइझ गाव्लिक, वय एकाहत्तर,
सत्तावीस वर्षं कोळशाच्या पोटात काढलेले,
त्यांनी चौकटीबाहेर जाऊन लिहिलं:
कबुतरखान्याला अकरा पायऱ्या. सातवीवर बसलो.

मी फोन लावला. आकडा हवा, म्हटलं.
ते म्हणाले, अगं पोरी, सात हा आकडाच आहे की.
मागे पंखांची फडफड,
मग खोकला,
मग बराच वेळ नुसती फडफड.

डॉक्टर ग्राझिना कुबित्सा यांनी कागद उजेडात धरला.
सकाळपासून बावीस छात्या पाहिल्या होत्या त्यांनी,
बावीस वेळा सांगितलं होतं, दम रोखा, सोडा.
खुर्चीत तशाच बसून राहिल्या.
म्हणाल्या, एक रकाना वाढव.
कुठल्या नावाने?
पायरी.

समितीला पत्र गेलं. समितीने विचारलं,
ही पायरी किती सेंटिमीटरची?
डॉक्टर मोजपट्टी घेऊन गेल्या, खरंच,
रविवारी, बसने, कोळसाखाणीचं थांबलेलं चाक ओलांडून.
अठरा सेंटिमीटर. तिसरी तेवढी वीस, सुताराची चूक.
येताना बुटाला विष्ठा आणि पिशवीत सहा अंडी.

मग अलोइझची वहीच येऊ लागली,
शर्यतीची, कबुतरांच्या वेळा लिहायची.
करडी मादी, चार वाजून बारा. मी, नववी.
पांढरपंखी, चार एकोणतीस. मी, आठवी.
ठिपकेवाला आलाच नाही. मी, पाचवी.
दोन्ही शाई एकच.
मला त्यातून फक्त आपल्या उपयोगाचं वेचायचं असतं.
मी ठिपकेवाल्याचीही वाट पाहायला लागले.

नवा फॉर्म इतरांना गेला: तुम्ही काय चढता?
हिल्डेगार्डा पिएखा: चर्चची घंटा, पण आता ती बाई वाजवते.
एर्विन: बसचा फूटबोर्ड. ड्रायव्हर थांबतो, तेच नको वाटतं.
एकाने लिहिलं: पलंग.

कातोवित्सेच्या सभेत डॉक्टरांना बारा मिनिटं होती.
अकरा मिनिटं त्या आलेखांवर बोलल्या,
कोण किती महिने, कुठली रेघ वर, कुठली खाली.
शेवटच्या मिनिटाला पायऱ्या दाखवल्या.
मागून कोणी विचारलं, हे सिद्ध झालंय का?
त्या म्हणाल्या, अजून नाही. दमानं घेतोय.
हसावं की नाही ते सभागृहाला कळलं नाही.

एकतिसाव्या आठवड्यानंतर अलोइझची ओळ रिकामी.
संगणक रिकाम्या घराला लाल करतो
आणि विचारतो, सरासरी भरू का?
एरवी मी हो म्हणते. नियमात बसतं.
त्या दिवशी जेवायला निघून गेले.

वही महिन्याने आली, मुलीने पाठवलेली,
शेवटच्या पानावर त्यांचंच अक्षर, घसरलेलं:
करडी, तीन अठ्ठावन्न. पांढरपंखी, चार पाच.
ठिपकेवाला, चार सात. कुठे होता कोण जाणे.
मी, शून्य. खाली खुर्चीत.
सगळी आलेली ऐकली.

मी लाल घरात शून्य लिहिलं.
संगणकाने पुन्हा विचारलं,
शून्य, की माहिती नाही?
तळघरात धुलाईचे जुने नळ अधूनमधून ठिबकतात.
शून्य, मी लिहिलं.
माहिती आहे.