दहापैकी सहा

सकाळी साडेनऊला बाबालाल मुल्लाणींना उंचावर बसवलं.
टेबलावर खुर्ची, खुर्चीवर ते,
उजवीकडून एकच दिवा.
फेटा त्यांचा स्वतःचा, जाकीट संयोजकांचं.
वेळ अडीच तास, मध्ये दोनदा सुट्टी.

समोर बत्तीस इझल, मागच्या रांगेत
मातीकामाचे अकरा जण.
बापट कॅम्पातून आणलेल्या ओल्या मातीचा वास
टर्पेंटाईनला पुरून उरलेला.

आम्ही तिघं परीक्षक.
पुण्याचे डोईफोडे सर, मुंबईचे सबनीस,
आणि शुक्रवार पेठेतल्या शाळेत तीस वर्षं
आपला चित्रकलेचा तास गणिताला उसना देत आलेली मी.

छापील तक्ता होता हातात.
साधर्म्य दहा, रेखांकन दहा, रंगलेपन दहा, भाव दहा.
साधर्म्य. पण कधीच्या माणसाशी?
साडेनऊच्या, की बाराच्या?
तक्त्यात हे विचारायला रकाना नव्हता.

सतरा नंबरचं काम निर्दोष.
गालफडावरचा उजेड असा उतरलेला
की मला घरच्या ब्रशांची लाज वाटली.
नऊ नंबरनं मोबाईलवर फोटो काढला
आणि फोटोच रंगवला. नाक पुढं धावलेलं,
कान मागं राहिलेले.
"आजकाल चालतं," सबनीस म्हणाले.
मी चार दिले. पेन दाबून.

दुसऱ्या सुट्टीनंतर बाबालाल झोपले.
मान ताठ, पंजे मांडीवर,
पैलवानाची बैठक मोडली नाही,
डोळे तेवढे मिटले.
उठवायला कुणी गेलं नाही.
ब्रश चालूच राहिले,
आणि एकतीस कॅनव्हासवर बाबालाल टक्क जागे,
बुबुळात पांढऱ्याचा ठिपका,
सवयीनं लावलेला.

चोवीस नंबर, कानामागं पेन्सिल खोचलेली एक पोर,
झालेले डोळे नाइफनं खरवडत होती.
मग पापण्या खाली आल्या. ओठ जरा सुटला.
हनुवटीखालची सावली जड झाली.

"डोळेच नाहीत," डोईफोडे सर कुजबुजले,
"मग व्यक्तिचित्र कसलं?"
मी मान डोलावली.
भाव, दहापैकी सहा.
निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात.

निकाल लागला. शाल, नारळ, फोटो.
रंगात सतरा नंबर,
मातीत उत्तूरचा निवास सुतार.

बाबालाल खाली उतरले. पायाला मुंग्या आलेल्या.
पाकीट न मोजता खिशात घातलं
आणि आखाड्याबाहेर उभी पोरं निरखावीत
तसे एकेका इझलपुढून हिंडले.
चोवीसपुढं थांबले. बराच वेळ.
"बाई, ही पोरगी हितंच हुती बगा.
बाकीची कुठं गेल्ती?"

मला उत्तर सुचलं नाही.
मी तक्त्याची घडी घातली, परत उलगडली.

ते निवासच्या पुतळ्यापाशी पोचले होते.
माती अजून ओली. डावा कान सुबक,
पाकळीवर पाकळी, शाळेच्या पुस्तकातल्यासारखा.
आम्ही तिघांनी त्या कानाचं कौतुक केलं होतं.
दिवा उजवीकडं, डावी बाजू फेट्याच्या सावलीत,
आणि उठून पलीकडं जाऊन बघायचं
कुणालाच, म्हणजे मलाही, सुचलं नव्हतं.

"ह्यो खासबागेत मोडलाय," बाबालाल म्हणाले,
आणि कुणी हां हां म्हणेपर्यंत
मातीत अंगठा दाबला.

फोटोवाला ओरडला. निवास धावला,
आणि दोन पावलांवर थबकला.
मातीच्या कानाकडं बघितलं, मग खऱ्या,
चेपून पुरीसारख्या फुगलेल्या, बंद कानाकडं.
पुन्हा मातीकडं.
अंगठ्याच्या रेघा स्वच्छ उठल्या होत्या.

"आता गुण बदलायचे की काय?" सबनीस हसले.
कुणीच बोललं नाही.
बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

निवासनं बादलीतून फडकं पिळून काढलं,
डोकं गुंडाळलं, गळा गुंडाळला,
कानापाशी जरा सैल ठेवलं.