पंधराच्या जागी सेहेचाळीस

नकाशावर छापलं होतं: पंधराचं इंजिन पुरे.
मढवीनं 'पुरे' पेन्सिलनं खोडलं
आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, कोणाला?

पंख तीस इंच. वजन एका पपईएवढं.
रबाळ्याच्या शेडमध्ये कुणी पंखा लावला
तर बाल्साच्या बरगड्या टेबलावरून उठून जायच्या.
त्याच्या नाकात तो सेहेचाळीस बसवत होता.
सुकुमारन म्हणाला, चिमणीला म्हशीचं काळीज लावतोयस.
मढवी म्हणाला, चिमणीला विचारलंस?

नाकामागची प्लाय आधी तीन मिलिमीटरची, मग सहाची,
मग अ‍ॅराल्डाइट, काचेचं कापड, परत अ‍ॅराल्डाइट.
नाक जड झालं म्हणून शेपटीत शिसं,
दिवाळ्याच्या कोळणीकडून आणलेल्या जाळ्याच्या गोळ्या.
शेपूट जड म्हणून पंखात कडक लाकूड,
पंख जड म्हणून आणखी ताकद हवी,
आणि ती तर होतीच, असं त्याचं गणित.
स्पिनर मी लेथवर कातून दिला.
मीही त्यातलाच.

रविवारी घणसोलीचा खाडीकडचा सेक्टर.
प्लॉटना नंबर लागलेले, प्लॉट अजून गवतात.
इंधनातल्या एरंडेलाचा वास सुटला तसा
सुकुमारननं लहानपण आठवून पोट धरलं.
मी गुडघ्यांवर, शेपटी हातात.
सुई दोन फेरे, मग दीड, मग एक आणि किंचित,
आणि आवाजातली किरकिर गेली, एक सरळ रेघ उरली.
शेपटी नव्हतीच ती. कुणीतरी मनगट धरून ओढत होतं.
सोड, तो म्हणाला.

धावलं नाहीच.
डाव्या अंगावर एक गिरकी, मग सरळ वर,
पंख आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं जणू.
सुकुमारन मोजत होता. सात. आठ.
दहाला पंख थरथरले.
अकराला सुटले,
आणि लग्नाच्या मांडवातली पताका तुटून यावी
तसे रेंगाळत खाली आले.
उरलेलं (इंजिन, टाकी, कोळणीचं शिसं)
आणखी जोरात वर गेलं.
खरं सांगतो, आणखी जोरात.
मढवीचे अंगठे रेडिओवर चालूच होते,
कशासाठी, कोण जाणे.

टाकी संपली.
मग नुसती शीळ.
मग चिखलात भोक, बांगडीएवढं.

कोपरापर्यंत हात घातला, लागेना.
फावडं मागून आणलं.
कमरेइतकं खणल्यावर खण्ण वाजलं, मढवी वाकला,
तळहातानं चिखल निपटला, आणि आम्हाला विसरून
घरच्या बोलीत म्हणाला,
यो त आमचे आगराचा तल हाय.
पायांनी मळून मळून घट्ट केलेला, काळा, गुळगुळीत.
साडेबारा टक्क्यांतला त्यांचा तुकडा
भलत्याच सेक्टरात, नाल्याला लागून.
हा आता कुणाचा, फलकावर लिहिलं होतं,
आम्ही वाचलं नाही.
इंजिन तळावर आडवं पडलं होतं.
आत घुसलं नव्हतं. त्याच्या बापाच्या टाचांनी
तेवढ्यावरच थांबवलं होतं.

सोमवारी रॉकेलात धुतलं.
तिसऱ्या झटक्याला सुरू झालं,
आणि पहिल्या धुराबरोबर काहीतरी माझ्या ओठांवर उडालं.
खारट.
मढवी नकाशा उलगडून विचारत होता,
साठचं कितीला मिळतं रे?
मी काही बोललो नाही.
मोजपट्टी शोधत होतो.