फिल्टर

साखर पेठेत आमच्या खोलीखाली
अजून चार माग चालतात.
वर मामंजींच्या खाटेशी
हप्त्यावर आणलेलं पांढरं यंत्र घुमतं.
"ह्याचा धोटा कुठाय?"
पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलेलं.

रविवारी मी फिल्टर काढते.
तंतूंची जाड साय,
या खेपेला मोरपंखी;
म्हणजे खाली टॉवेलची ऑर्डर लागली.
मामंजी चिमटीत धरून उजेडाला नेतात,
"पीळ कमी पडलाय सुताला," म्हणतात,
आणि खोकतात.
चाळीस वर्षांत त्यांच्या आत
कुठकुठले रंग साठले असतील,
मी विचारत नाही.
फिल्टर झटकते, परत बसवते.

दुपारी लाईट जाते.
माग थांबतात, यंत्रही.
तेवढ्यानं मामंजी दचकून उठतात:
"कुठला धागा तुटला?"