सगळ्या खोल्या उबदार

उणे एकतीस.
कायानीच्या नगरपालिकेत तिसऱ्या मजल्यावर
तुइरे एकटीच. कॉफीचा चौथा मग.
समोर शहराची उतरंड:
शहरात रस्ते, रस्त्यांवर घरं,
घरात खोल्या, खोलीत सेन्सर,
सेन्सरच्या पोटात एक आकडा.

पूर्वी ती लूपमध्ये लूप लिहायची,
एकाच्या पदरात दुसरा, दुसऱ्याच्या पदरात तिसरा,
कोड उजवीकडे सरकत सरकत
पार कडेला टेकायचा.
आता एका ओळीत विचारते,
उंबऱ्यातूनच हाक मारावी तसं:
ज्या घरांच्या सगळ्या खोल्या
अठरा अंशांच्या वर आहेत
ती घरं बाजूला काढ.
उरतील तिथे माणूस धाडू.

यंत्र निमूट उतरंड उतरवतं,
मडकं न् मडकं हलवून बघतं.
चार हजार दोनशे सहा बाजूला.
उरली तेरा.
तेराही घरी फोन झाले.

तुइरे कोट चढवते. एक बाही.
सवयीने यादी खाली सरकवते,
आणि दुसरी बाही तशीच लोंबत राहते.
बाजूला काढलेल्यांत
बर्च गल्ली, नऊ नंबर.
आर्मास राइहा, वय एक्याऐंशी.
खोल्या: शून्य.

यादी आहे. यादीत कुणी नाही.
आणि जिच्यात कुणीच नाही
तिच्यातलं कुणीच गारठलेलं नाही,
म्हणजे सगळे उबदार.
तर्काला कुठे फट नाही,
उत्तरात तिळाएवढं खोटं नाही,
आणि तिच्या पाठीतून बर्फ सरकतो.

दार उघडायला वेळ लागतो.
आधी टोपी दिसते, मग दोन स्वेटर, मग म्हातारा.
"बॅटऱ्या होय? रेडिओत घातल्या.
हॉकीची मॅच होती.
भिंतीवर नुसत्याच बसून होत्या."
स्वयंपाकघरात नऊ अंश.
ती हीटरखाली वाकून किल्ली फिरवते,
तो तिच्यासाठी कॉफी टाकतो. पाचवी.

कोट न काढताच
त्याच्या टेबलावर ती लॅपटॉप उघडते,
ब्रेडचे कण बाजूला सारून
ओळीला शेपूट जोडते:
आणि जिथे निदान एक तरी खोली आहे.
खाली एक टेस्ट. टेस्टचं नाव, आर्मास.
"माझं नाव कशाला?" तो चष्मा शोधतो.
"शून्याला दुसरं नाव सुचेना."

चालवते.
उरली एकोणीस.

तेरा ओळखीची.
एक हे, जिथे आता किटली शिट्टी घालते आहे.
आणि पाच.

आर्मास कप पुढे करतो.
ती उभ्यानेच एक घोट घेते,
पाच पत्ते हाताच्या पंजावर लिहून घेते,
एकेका बोटावर एक.